ज्या बीकरला कोणी शिवत नव्हतं

चहा वरून पडायचा. हातभर उंचीवरून. गणपतभाऊ किटली वर उचलायचा, मी माझा बीकर खाली धरायचो, आणि धार सुटायची. कधी ती बोटावर यायची. बोट हललं की गणपतभाऊ म्हणायचा, "अबे, नीट धर नं. सांडून राहिला सारा."

"हो भाऊ," मी म्हणायचो. आणि हसायचो.

भाजलेलं बोट विसरलो. ते हसणं नाही विसरलो.

बीकर म्हणजे प्रयोगशाळेतला काचेचा पेला. माझ्या बीकरच्या तोंडाचा टवका उडालेला होता. प्रयोगातून बाद झाला, म्हणून मला मिळाला. सरांचे कप कपाटात, चिनीमातीचे, निळ्या काठाचे, बशीसकट. माझा बीकर बाहेरच्या बाजूच्या खिडकीत. तो कपाटात ठेवायचा नाही, कपांसोबत धुवायचा नाही, असं मला कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी गणपतभाऊनं तो लांबून दाखवला. मी समजलो. आमच्याकडे हे समजायला शाळा लागत नाही.

अमरावतीचं एक सायन्स कॉलेज. साठ सालानंतरची गोष्ट. रसायनशास्त्राच्या विभागात मी नोकर होतो, तात्पुरता. काचेची सगळी भांडी मीच धुवायचो. फक्त कप सोडून. ते गणपतभाऊ धुवायचा. तो विभागाचा शिपाई, माझ्या बापाच्या वयाचा, कुणबी. माणूस वाईट नव्हता. त्याला जसं सांगितलं तसं तो ओतायचा.

माझं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठावर. खारपाणपट्टा. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं खारं. गोड्या पाण्याची विहीर गावात एक होती, पण ती आमची नव्हती. बाबा भाऊसाहेबांच्या घरी सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरातले देव नदीत सोडले. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पण साल सोडता आलं नाही. आणि मला शाळा सोडावी लागली. सहावीत. कापूस वेचायला हात कमी पडले म्हणून.

भाऊसाहेब हे त्या घरातले शिकलेले. कॉलेजात प्रोफेसर. मोठ्या शहरात राहून आलेले. उन्हाळ्यात गावी आले, मला गोठ्यात पाहिलं, आणि बाबाला म्हणाले, "पोरगं हुशार दिसते. कॉलेजात लावून देतो." बाबा त्यांच्या पाया पडला. दीक्षा घेतलेला माणूस. मी पाहिलं, आणि मीही वाकलो.

तेव्हापासून मी आभारी होतो. सकाळी उठल्यापासून आभारी. राजापेठेच्या मागच्या वस्तीत एका खोलीत निजायचो. चालत कॉलेजात यायचो. भीती एकच, आपल्या हातून काही फुटू नये, काही चुकू नये, भाऊसाहेबांना खाली पाहावं लागू नये. बायको गावी, माय गावी. नोकरी कायम झाली की त्यांना आणायचं. तेवढ्यासाठी सगळं.

भाऊसाहेब स्फटिक वाढवायचे. एक पांढरं आम्ल असतं, ऑक्झॅलिक. दिसायला थेट साखर. विषारी. ते कोमट पाण्यात विरघळवायचं, गाळायचं, वर भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि सोडून द्यायचं. पाणी हळूहळू उडतं आणि तळाशी काचेसारखा स्वच्छ खडा उभा राहतो. हळू उडालं तर खडा. भसाभस उडालं तर चुरा. आमच्या वऱ्हाडात ऊन असं की सगळ्याचा चुराच व्हायचा. भाऊसाहेब वैतागायचे. माय हिवाळ्यात दही लावताना भांडं सरकीत पुरायची, ते मला आठवलं. मी टोपलीत सरकी भरून आणली. बीकर तिच्यात गळ्यापर्यंत पुरला. उष्णता आत शिरेना, बाहेर जाईना. खडे बरे येऊ लागले. भाऊसाहेब म्हणाले, "शाबास." त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस तरंगत होतो.

ते मला समजावून सांगायचे. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. कोणत्याही सरानं नोकराला सांगितलं नसतं, ते त्यांनी सांगितलं.

एक खडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "ओला आहे का?"

"नाही जी. कोरडा हाय."

"ह्याच्या आत पाणी आहे."

मला थट्टा वाटली. त्यांनी तो खडा काचेच्या बशीत ठेवून वाफेवर धरला. पाहता पाहता तो पांढरा पडला, आंधळा झाला. बोट लावलं तर पीठ. "पाणी गेलं," ते म्हणाले. "पाण्यानंच हा उभा होता."

मग त्यांनी सुताराकडून लाकडी गोळे करून आणले. काळे, तांबडे, बारीक पांढरे. त्यांची मांडणी आम्ही दोघांनी मिळून केली. काळा म्हणजे कार्बन, तांबडा ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन. गोळे तारेनं जोडायचे. पण आम्लाचा एक कण आणि पाण्याचा एक कण यांच्या मधे ते तार लावू देईनात. तिथं दोरा. "तार लावली तर खोटं होईल," म्हणाले. "ही पकड तारेइतकी कडक नसते. हायड्रोजन एका ऑक्सिजनचा असतो, पण शेजारच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. त्या ओढीला आम्ही हायड्रोजन बंध म्हणतो. एकेक बंध कच्चा. पण सगळ्या बाजूंनी असतात."

मी दोरे बांधत गेलो. बांधता बांधता दिसलं की आम्लाचा कण दुसऱ्या आम्लाच्या कणाला असा दोरा कुठंच लावत नाही. मधे दरवेळी पाणी. पाणी एकाकडून घेतं, दोघांना देतं.

"आणि हे दिसते का जी, फोटोत?" मी विचारलं. ते खडे घेऊन रेल्वेनं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचे आणि तिथून क्ष-किरणांचे फोटो आणायचे. काळे ठिपकेच ठिपके. त्या ठिपक्यांवरून महिनोन्महिने गणित करायचे.

"हायड्रोजन दिसत नाही म्हटलं तरी चालेल. फार हलका आहे. दोन ऑक्सिजन एकमेकांच्या किती जवळ आलेत ते मोजायचं. नको तितके जवळ आले असले की समजायचं, मधे कोणीतरी आहे."

आणि म्हणाले, "एक ठिपका चुकीचा मोजला की सगळी मांडणी खोटी. इथं खोटं चालत नाही."

मी यातून माणसाची उपमा काढत नाही. पुढं सभांमधून लोकांना ती काढताना ऐकलं. आम्ल ते आम्ल, पाणी ते पाणी. पाण्याला जात कळत नाही म्हणून त्याचं कौतुक मला नाही. ज्याला कळते तो काय करतो, ते मी पाहतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. परतीची पॅसेंजर अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उशिरा पोचली. धावतपळत कॉलेजात आलो तर चहा सुरू झालेला. आता बोलणी बसणार असं वाटलं. गणपतभाऊ किटली घेऊन उभाच होता. "आला का रे लाटसाहेब? धर लवकर."

मी खिडकीतला बीकर घेतला. तळाशी पांढरं काही होतं. खरबरीत, चिकटलेलं. मला वाटलं साखर. मला वाटलं, सणानंतरचा पहिला दिवस आहे, गणपतभाऊनं माझ्यासाठी आधीच टाकून ठेवली. मला बरं वाटलं. हे लिहायलाच पाहिजे. मला बरं वाटलं.

धार पडली. ढवळलं. चहा फाटला. पाणी वेगळं, दुधाचे कण वेगळे. पहिला घोट आंबट. इतका आंबट की दात शिवशिवले.

मी थांबलो नाही. दिलेला चहा. त्याला नाव कसं ठेवायचं? आधीच उशिरा आलेलो. उभ्या उभ्या सगळा प्यालो. तळाशी उरलेलं बोटानं पुसून चाटलं.

मग घशात जाळ उठला. पोटात पीळ. मी व्हरांड्यात पालथा पडलो आणि ओकत राहिलो. गणपतभाऊ ओरडला. भाऊसाहेब धावत आले. त्यांनी माझा बीकर पाहिला, उचलून उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. आत पळाले. चुन्याच्या निवळीची बाटली आणली. त्या आम्लावर तोच उतारा. हाताला त्यांचाच कप लागला, निळ्या काठाचा. त्यात निवळी ओतली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कप माझ्या ओठांना लावला. "पी. पी रे बाबा. सगळं पी."

माझं डोकं त्यांनी हातानं धरून ठेवलं. तो हात खरा होता. आजही मी तो खोटा म्हणत नाही.

सरकारी दवाखान्यात मी शुद्धीवर आलो. घसा सोललेला. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. खाटेजवळ उभे राहिले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. मला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस मला असं म्हणतो. "सुट्टीत विभागात ये-जा असते. कोणी ना कोणी भांडं हलवतं. स्फटिकाला धक्का चालत नाही. एक द्रावण मला अगदी निवांत ठेवायचं होतं. तुझ्या बीकरला कोणी शिवत नाही, म्हणून..."

ते थांबले. त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. मलाही आलं.

मग घाईनं म्हणाले, "खडा फार सुंदर आला. आजवरचा सगळ्यात चांगला. तो काढून घेतला, खालचं धुवायचं राहून गेलं."

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं.

"डॉक्टरांनी विषाचं लिहिलंय. प्रिन्सिपलसाहेब तुला बोलावून विचारतील. तू सांग, टेबलावर पांढरी पूड सांडली होती, साखर समजून चाटली. गरिबाच्या पोराकडून होतं असं. कोणी तुला बोलणार नाही. नाहीतर माझं काम बंद पाडतील. इतक्या वर्षांचं. तुझं कायम होण्याचं माझ्याच सहीवर आहे, ते मी करतो." जाता जाता वळले. "मी तुझा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही."

म्हणालेच की.

आणि मी कबूल होतो. खोटं सांगायचं नाही. त्या रात्री मी मनाशी वाक्य घोकत होतो. साखर समजून चाटली जी. साखर समजून चाटली. मला त्यात काही फार वाटत नव्हतं. नोकरी राहील. माय येईल. बायको येईल. चोर तर आम्हाला तसंही म्हणतात.

माय आली. गावावरून एकटी. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली होती. तिनं माझी जीभ पाहिली. मग विचारलं, "चाय फाटेल होता, तुले दिसला नाही का रे?"

"दिसला."

"आंबट लागला?"

"लागला."

"मंग काहून पेला?"

"दिला होता नं माय."

माय रडली नाही. रडली असती तर मी तिलाच समजावलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती.

"म्या तुले खारं पानी पाजून वाढवला," ती म्हणाली. "पन खारं हाय, असं सांगून पाजलं. गोड हाय म्हनून नाही पाजलं कधी."

एवढंच. मग पदरातून भाकर काढली, दुधात मऊ केली आणि भरवू लागली.

त्याच दुपारी गणपतभाऊ आला. हातात दोन केळी. खाटेपासून जरा लांब उभा राहिला, सवयीनं. म्हणाला, "वाचला गड्या. भाऊसाहेब होते म्हनून."

"हो भाऊ."

"तुह्या बीकर धुऊन ठेवला हाय जागेवर. ये लवकर." जरा घुटमळला. "कप गेला मात्र."

"कोणता कप?"

"तोच. तुले चुना पाजला तो. भाऊसाहेबानं फेकून द्याले लावला. चांगला होता, नवाच. म्या म्हनलं, राखेनं घासतो. नाही म्हने."

"विष लागलं असंन," मी म्हणालो. अजूनही त्यांचीच बाजू घेत होतो.

गणपतभाऊ खाली पाहू लागला. "विष तं बीकरमधे होतं लेका. कपात काय होतं? चुन्याचं पानी."

माय कोपऱ्यात बसली होती. तिनंही ऐकलं. ज्याच्यात विष होतं तो बीकर धुऊन माझ्यासाठी जागेवर ठेवला होता. ज्याच्यात उतारा होता तो कप माझा ओठ लागला म्हणून उकिरड्यावर गेला होता. ज्या हातानं माझं डोकं मांडीवर घेतलं, त्याच हातानं.

माझ्या आतलं आभाराचं जे काही होतं, ते त्या दुपारी पांढरं पडलं.

प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत मी उभा. भाऊसाहेब खुर्चीवर. पंखा फिरत होता.

"काय खाल्लंस तू?" प्रिन्सिपलसाहेबांनी विचारलं.

"खाल्लं नाही जी. चाय पेलो."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं. "अरे, साखर समजून..."

"साखर वाटली खरी. पन चोरली नाही जी. कोनीतरी आपल्यासाठी टाकली असं वाटलं."

"चहा बीकरमधे कशाला?" प्रिन्सिपलसाहेब वैतागले. "विभागात कप नाहीत?"

"कप हायेत जी. मले नाहीत."

मग भाऊसाहेब बोलले. शांत, समजूतदार आवाजात. "तशी काही पद्धत नाही सर. त्याच्या सोयीसाठी वेगळा ठेवलेला होता."

माझा घसा जळत होता. शब्द सोलून निघत होता. मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुमी मले सांगतलं का इथं खोटं चालत नाही. तो बीकर काहून निवडला, ते सायबाले सांगा."

ते प्रिन्सिपलसाहेबांकडे वळले.

"मंग मी सांगतो. त्याले कोनी शिवत नाही, म्हनून. तो माह्या, म्हनून त्याले कोनी शिवत नाही. त्याच्यात खडा चांगला आला. आन् त्याच्यातच मी चाय पेलो. माह्या कप बाकीच्याईसोबत असता तं त्याच्यात कोनी विष ठेवलं नसतं."

प्रिन्सिपलसाहेब टेबलावरच्या कागदांकडे पाहू लागले. मोठी माणसं अशा वेळी कागदांकडे पाहतात. "ठीक आहे. जा तू," म्हणाले.

मी गेलो. कोणाचीही मान खाली गेली नाही. कोणी माफी मागितली नाही. विभागाचं काम एक दिवसही थांबलं नाही. आठवड्यात गणपतभाऊनं निरोप आणला की तात्पुरत्या नोकराची आता गरज नाही. जाताना मी खिडकीतून तो बीकर काढला आणि बाकीच्या बीकरांच्या रांगेत, टवका भिंतीकडे करून, ठेवून दिला. कोणता कोणाचा ते नंतर त्यांनीच शोधावं.

भाऊसाहेबांचा प्रबंध झाला. ते डॉक्टर झाले. त्या खड्याचा फोटो सगळ्यात स्वच्छ आला होता म्हणतात. असेल. खडा खराच होता.

बाबाला कळलं तेव्हा तो आधी घाबरला. म्हणाला, "मालकाले तोंड कसं दाखवू?" गुढीपाडव्याला मालकाच्या माणसानं विचारलं, यंदाचं साल धरतो ना? बाबानं सांगितलं, "नाही धरत." कारण विचारलं तर म्हणाला, "पोरगं बोललं. आता मले गप राहाता येत नाही."

आम्ही सगळे अकोल्यात आलो. पहिलं काम एका तेलाच्या गिरणीत मिळालं. मुकादम म्हणाला, उद्यापासून ये. मी विचारलं, "पानी कुठं प्याचं?" त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं, तिथं वेगळा डबा टांगला होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. घरात पीठ नव्हतं तरी गेलो नाही. बायको भांडली. मी ऐकून घेतलं. ती खरी होती, मीही खरा होतो. दुसऱ्या एका ठिकाणीही असंच झालं. तिसऱ्या ठिकाणच्या माणसानं मला वेड्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "पानी? सारे पितेत तिथंच पी नं बावा." तिथं मी राहिलो.

अजूनही कुठं गेलो की आधी हेच विचारतो. मजुरी नंतर. भीती गेलेली नाही. पण विचारतो. पोरालाही शिकवलं आहे: कोणी काही दिलं तर आधी चव घे. आंबट असलं तर आंबट आहे असं मोठ्यानं म्हण. देणारा कितीही मोठा असो. त्यानं तुझा जीव वाचवलेला असो.